मोल्सच्या कुंदाताई

कुंदाताई पंचांशी जर्मनमध्ये भांडायच्या आणि स्वतःच्या टीमवर वऱ्हाडीत ओरडायच्या. टीममध्ये मराठी मी एकटाच. बाकी सुतार, शाळेतले मास्तर, इस्पितळातला एक नर्स, एक पोस्टमन. सगळे स्टुटगार्टच्या आसपासच्या खेड्यांतले. पण बाकाजवळून "पाय हालव ना बाप्पा!" अशी हाक आली की तो सव्वासहा फुटी पोस्टमन खरोखर पाय हलवायचा. 'बाप्पा' हा शब्द तर त्यांनी असा उचलला होता की कुणाच्या हातून चेंडू सुटला की बाकीचे आठही जण एका सुरात "बाप्पाऽऽ" करायचे. 'ताई' हे त्यांचं नावच आहे, अशी सगळ्यांची समजूत. लीगच्या कागदांवरसुद्धा प्रशिक्षक म्हणून 'ताई वानखेडे' असं छापलेलं असायचं. ते दुरुस्त करावं असं त्यांना कधी वाटलं नाही. "बरं हाये की," त्या म्हणायच्या, "सगळा जर्मनी मले ताई म्हणून राह्यला."

त्यांची माझी ओळख गणपतीत झाली. मी तेव्हा नाशिकहून नुकताच आलो होतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो होतो. मराठी मंडळानं भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये आरती-जेवणं उरकून आवराआवर चालली होती. स्टेजवरून कुणीतरी टेबलक्लॉथची गुंडाळी माझ्या दिशेनं भिरकावली. माझ्या उजव्या हातात पातेलं होतं, म्हणून मी ती डाव्या हातानं झेलली आणि डाव्यानंच दाराजवळच्या खोक्यात फेकली. ती बरोबर खोक्यात पडली. मागून आवाज आला, "डावखुरा काय रे तू?"

वळून पाहिलं तर पन्नाशीच्या, ठेंगण्या, गव्हाळ वर्णाच्या एक बाई. सिल्कची साडी, आणि तिच्यावर निळं विंडचीटर.

"हो. का?"

"शनिवारी काय करून राह्यला?"

शनिवारी मी कपडे धुतो, असं मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "कपडे रविवारी धूत जा. मले फर्स्ट बेसवर डावखुरा पाहिजे." रविवारी वॉशिंग मशीन लावलं तर खालच्या मजल्यावरची म्हातारी पत्र लिहिते, हे सांगायला मला फुरसतच मिळाली नाही.

अशा रीतीनं मी बेसबॉलपटू झालो. जर्मनीत बेसबॉल म्हटलं की पुण्या-नाशिकचे मित्र हसतात, आणि जर्मनही हसतात. तिथं गावोगाव फेराइन असतात, म्हणजे नोंदणी केलेले क्लब. त्यांत चांगलं गवत फुटबॉलला, आणि उरलीसुरली जमीन बाकीच्यांना. आमच्या वाट्याला एस-बानच्या, म्हणजे शहराच्या लोकल गाडीच्या, शेवटच्या स्टेशनापुढची, खडीच्या खाणीला लागून असलेली जमीन आली होती. तिथं मोल नावाचा उंदरासारखा प्राणी जमिनीखालून बिळं करतो आणि सकाळी मैदानभर मातीचे ढिगारे दिसतात. कायद्यानं त्याला मारता येत नाही. म्हणून मग संघानं त्याचंच नाव घेतलं.

कुंदाताई अमरावतीच्या. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्या, कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या, आणि कॅप्टन. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे पुणे, मग स्टुटगार्ट. इथं त्या एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करत. दहाएक वर्षांपूर्वी कामावरून परत येताना त्यांनी कुंपणाबाहेरून मोल्सचा सराव पाहिला, दोन दिवस गप्प बसल्या आणि तिसऱ्या दिवशी आत शिरून तेव्हाच्या कॅचरला म्हणाल्या की तू बसतोस कसा तेच चुकतंय. त्यांचं जर्मन बालवाडीत शिकलेलं, त्यामुळे मोठ्या बाप्यांशीही त्या चार वर्षांच्या मुलांशी बोलावं तशाच बोलत. हात धू. रांगेत ये. रडायचं तर रड, पण मग परत ये. त्या वर्षी मोल्स पहिल्यांदा तळातून वर आले.

त्यांच्या बोलण्याची मला एवढी सवय झाली होती की ऑफिसात एखादी मीटिंग अंगावर आली की त्यांचीच वाक्यं आठवत. पहिल्याच मोसमात वेगानं येणाऱ्या चेंडूपासून मी अंग चोरलं तेव्हा त्या ओरडल्या होत्या, "भेतो काय रे? तो काय फिनान्झआम्टचं पत्र हाये?" इन्कम टॅक्सच्या त्या पिवळट पाकिटांना आम्ही सगळेच घाबरायचो, त्यामुळे हे मला चांगलंच लागू पडलं. आणि कुणी दुसऱ्याच्या चुकीवर चिडलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असे: "कॅचरले सगळं मैदान दिसते. बाकी आठ जणांले फक्त बॉल दिसते. म्हणून तुम्ही लवकर चिडता."

गेल्या उन्हाळ्यात मात्र सगळंच बिनसत गेलं. दोन चांगले खेळाडू नोकरीसाठी म्युनिकला गेले, एकाचा गुडघा गेला. मोसम संपायला आला तेव्हा आठ संघांच्या तक्त्यात आम्ही सातवे की आठवे हे ठरायचं बाकी होतं. आमच्या जोडीला होते ओटर्स, नदीपलीकडच्या गावातले, आमचे जुने वैरी. दोघांचेही दोन-दोन विजय. त्यातला त्यांचा एक तर आमच्याच जिवावर. मे महिन्यात त्यांच्या गावी सामना होता. त्या दिवशी एस-बान अडकली, आमचे तिघं वाटेत राहिले. नऊ खेळाडू उभे करता आले नाहीत तर न खेळताच नऊ-शून्यनं हार धरतात. आम्ही अर्धा तास मागितला. ओटर्सनी दिला नाही.

शेवटचा सामना आमच्या मैदानावर, त्यांच्याशीच. जो हरेल तो खालच्या लीगमध्ये. आणि आमच्या फेराइनच्या कार्यकारिणीनं वसंतातल्या सभेतच सांगून ठेवलं होतं की बेसबॉल खाली घसरला तर वर्षअखेर तो विभाग बंद, मैदान फुटबॉलच्या मुलांना. ते मागणी करून करून थकले होते.

माझ्यापुरतं बोलायचं तर त्या दिवसांत मला त्या मैदानाशिवाय दुसरं काही नव्हतं. कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं. माझं नाव यादीत आहे की नाही ते सप्टेंबरात कळणार होतं. नोकरी गेली की व्हिसाचं घड्याळ सुरू होतं. कँटीनमध्ये कुणी मोठ्यानं हसत नसे. शनिवारी फर्स्ट बेसवर उभा राहिलो की तेवढे तीन तास मला यादी आठवायची नाही.

कुंदाताईंचे यजमान वानखेडे साहेब त्याच कंपनीत, माझ्याहून बरेच वरच्या जागेवर. जुलैमध्ये एका सकाळी आम्ही दोघं मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होतो. ताई गाडी ढकलत होत्या, मी दोरी धरली होती. गाडी न थांबवता त्या म्हणाल्या, "यांचं डिपार्टमेंट पुण्याले चाललं. आम्ही ऑक्टोबरात जातो."

मी दोरी सोडली. "कायमचं?"

"दोरी धर नीट. हाव, कायमचं." त्यांची मुलगी तन्वी ड्रेस्डेनला शिकत होती. ती इथंच राहणार होती. आईनं मराठीत काही विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि हे कळवलं तेव्हाही तिनं जर्मनमध्येच 'ठीक आहे' म्हणून फोन ठेवला होता. एवढं सांगून ताई म्हणाल्या, "टीममध्ये कोणाले सांगू नको. मोसम संपला की मीच सांगीन. आता सांगितलं तर हे पोट्टे मायासाठी खेळतीन. मले तसं नको. त्याइनं त्याइच्यासाठी खेळावं."

मी शब्द दिला.

शेवटच्या सामन्याच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळी सहाच्या सरावाला, ताई आम्हाला गोल करून उभं करत म्हणाल्या, "सामना परवा नाही. पुढच्या शनिवारी." मंगळवारी ओटर्सचा प्रशिक्षक योर्ग याचा त्यांना फोन आला होता. त्याच्याकडे सातच माणसं उरली होती. दोन जायबंदी, आणि एकाच्या लग्नाला तिघं क्रोएशियाला गेलेले. दोन्ही प्रशिक्षकांनी संमती दिली तर सामना पुढे ढकलता येतो. ताईंनी फोनवरच हो म्हटलं होतं.

आमचा चेंडू टाकणारा, पिचर मार्टिन, हा पेशानं सुतार, अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, ते आले नसते तर आपण जिंकलो होतो."

"न खेळता," ताई म्हणाल्या.

"मेमध्ये त्यांनी काय केलं?"

"तेच. तुला बरं वाटलं होतं का तेव्हा?"

"नाही वाटलं. पण त्यांना वाटलं. आता आपली पाळी. नियमात आहे."

"नियमात आहे," ताई म्हणाल्या. "नियमात तर ढकलणंही आहे."

"आम्हाला विचारायचं तरी," पोस्टमन म्हणाला. "दहा वर्षं मी या मैदानावर आलोय. ते जाणार की राहणार हे तुम्ही एकट्यानं ठरवलंत?"

आजही मला वाटतं, त्यांनी आम्हाला विचारायला हवं होतं. सगळे एकदम बोलू लागले. लग्नाची तारीख काय आकाशातून पडली? त्यांची चूक आपण का भरायची? ताई मध्ये उभ्या होत्या, टोपी हातात घेऊन, आणि एकेकाकडे पाहत होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. बहुधा मी काहीतरी बोलेन, त्यांच्या बाजूनं, अशा अपेक्षेनं.

मी म्हणालो, "तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही तर ऑक्टोबरात भारतात निघालात."

हे मी मराठीत बोललो असतो तर आमच्या दोघांत राहिलं असतं. ताईंशी मी मराठीशिवाय कधी बोलत नसे, त्या मैदानावरसुद्धा नाही. पण ते वाक्य मी जर्मनमध्ये बोललो, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ते तोंडातून निघालं तेव्हा रागात निघालं असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खरं नाही. भाषा बदलायला माणसाला एक क्षण लागतो, आणि तो क्षण मी घेतला होता.

मार्टिननं विचारलं, "खरं आहे?"

"गेनाऊ, अगदी खरं," ताई म्हणाल्या. "ऑक्टोबरमध्ये." त्यांनी टोपी डोक्यावर घातली, खाली वाकून दोन चेंडू बादलीत टाकले. "सात वाजत आले. बॅटिंग राहिली आहे." आणि खरंच त्यांनी बॅटिंग घेतली, एकेकाला नावानं बोलावून. मलाही. चेंडू टाकताना "कोपर वर" एवढंच म्हणाल्या. जर्मनमध्ये.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. दार वानखेडे साहेबांनी उघडलं. ताई ड्रेस्डेनला गेल्या होत्या, मुलीकडे. हॉलमध्ये भिंतीला टेकवून खोकी लावली होती, त्यांवर साहेबांच्या नीटस अक्षरात 'पुस्तकं', 'थंडीचे कपडे', 'देव'. त्यांनी चहा टाकला. गुरुवारचं त्यांना कळलेलं होतं, हे त्यांनी दोनदा साखर किती हे विचारलं त्यावरून मला समजलं.

"कुंदानं तुला अमरावतीच्या फायनलचं सांगितलंय कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नाहीच सांगणार. मला लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं." ते समोर बसले. "विद्यापीठाची फायनल होती. समोर बुलढाण्याकडच्या कॉलेजच्या मुली. त्यांची एसटी मूर्तिजापूरजवळ बंद पडली. तेव्हा मोबाइल कुठले? वेळ झाली, अर्धा तास गेला. पंच कुंदाकडे आले, म्हणाले, कॅप्टन, नियमानं तुम्ही जिंकलात, पण थांबायचं असेल तर थांबू. कुंदा नाही म्हणाली. कप मिळाला, हार घातले, फोटो निघाले. आणि फोटो काढून होतायत तोवर त्या मुली एका ट्रकमधून आल्या. मागं उभ्यानं. सगळ्या युनिफॉर्म घालूनच. त्यांची कॅप्टन म्हणाली, कप तुमचाच, आम्हाला नको, पण पाच इनिंग खेळू या, एवढ्या लांबून आलोय. कुंदाच्या टीमचे सर म्हणाले, आता कशाला, झालं ते झालं. कुंदा काही बोलली नाही. त्या मुलींनी मैदानाच्या कडेला बसून डबे खाल्ले आणि परत गेल्या."

चहावर साय धरली होती. साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी त्यातल्या किती जणी खेळल्या असतील? लग्नं झाली असतील. कुंदाचाही तो शेवटचाच सामना. म्हणजे न झालेला. तिला अजून वाटतं, त्यांच्या पिचरचा बॉल मला मारता आला असता की नाही ते कधी कळलंच नाही."

मी म्हणालो, "हे त्यांनी गुरुवारी टीमला सांगितलं असतं तर..."

"तर तुम्हाला तिची दया आली असती," साहेब म्हणाले. "आणि तू जे बोललास ते तरीही बोललाच असतास कदाचित. चहा घे."

मधला आठवडा वाईट गेला. आमच्या ग्रुपवर तिघांनी कळवलं की आपण येणार नाही. ताईंनी त्यावर काही लिहिलं नाही, फक्त नेहमीसारखी खेळाडूंची यादी टाकली, त्या तिघांच्या नावांसकट. मी त्यांना दोन मेसेज केले. ते वाचले गेले एवढं दिसत होतं. शुक्रवारी रात्रीपर्यंत मोजून आठ जण नक्की होते, आणि माझ्या मनात एक घाणेरडा विचार येऊन गेला: आपलेच नऊ झाले नाहीत तर निदान हे सगळं लवकर संपेल.

शनिवारी तिघंही आले. मार्टिन सर्वांत शेवटी, सरळ कामावरून, पँटला भुसा लागलेला. ताईंकडे न बघता त्यानं बूट बांधले. ओटर्सही आले, पूर्ण दहा जण, त्यात क्रोएशियात लग्न केलेला नवरदेवसुद्धा. त्याची बायको प्रेक्षकांत बसली होती. योर्ग ताईंशी हात मिळवायला आला आणि आभार मानू लागला. ताईंनी त्याला मध्येच थांबवलं. "आभार नको. चांगलं खेळा."

हा सामना अटीतटीचा झाला असता तर लिहायला बरं गेलं असतं. तसं काही झालं नाही. पहिल्या दोन इनिंगमध्ये आम्ही दोन धावांनी पुढे होतो. तिसऱ्यात मार्टिनचा खांदा दुखू लागला, त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, आणि चौथ्यात ओटर्सनी त्याचे चेंडू खाणीपर्यंत मारले. नवरदेवानं दोन. आमच्याकडे दुसरा पिचर असा नव्हताच. ताईंनी मास्तरांना उभं केलं, त्यांनी जीव तोडून टाकलं. अकरा-चार. एवढ्या फरकानं हरणारा संघ न खेळता जिंकला असता, हे मैदानावरच्या प्रत्येकाला कळत होतं, आणि शेवटच्या दोन इनिंगमध्ये कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहत नव्हतं.

ताई मात्र शेवटच्या चेंडूपर्यंत ओरडत होत्या. सात धावांनी मागे असताना, शेवटची संधी, दोन गडी बाद, तिसरा गेला की सगळं संपणार, आणि मी बॅटिंगला. "कोपर वर, निखिल! पाह्यत राह्य बॉलले!" मराठीत. नऊ दिवसांनंतर पहिल्यांदा मराठीत. मी चेंडू उंच मारला, तो ओटर्सच्या एकानं सहज झेलला आणि मोसम संपला.

नंतर क्लबच्या शेडपाशी त्या टीमसमोर उभ्या राहिल्या. "तुम्हाला विचारलं नाही," त्या म्हणाल्या, "कारण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. ते माझं चुकलं. सामना खेळलो, ते चुकलं नाही." पोस्टमन उठून निघून गेला. मार्टिन बसून राहिला, खांद्यावर बर्फाची पिशवी धरून. तो म्हणाला, "चौथ्या इनिंगआधी मी सांगायला पाहिजे होतं, खांद्याचं." ताई म्हणाल्या, "हो, पाहिजे होतं." आणि स्वतःच्या हातानं त्यांनी ती पिशवी नीट बसवून दिली.

कार्यकारिणीनं ठरल्याप्रमाणे विभाग बंद केला. सप्टेंबरात कंपनीची यादी लागली, माझं नाव तीत नव्हतं. मला आनंद झाला आणि तो सांगावा असं माणूस एकच आठवलं. मी फोन लावला नाही.

त्या गेल्या त्या दिवशी मी एस-बानच्या स्टेशनवर गेलो. बोलावलं नव्हतं. चार मोठ्या बॅगा होत्या, त्यामुळे माझी गरज होती असं मी मनाशी ठरवलं. ऑक्टोबरातली दुपार, ऊन होतं पण वारा बोचत होता. मार्टिन आधीच आलेला होता. त्यानं अक्रोडाच्या लाकडाची एक लहान बॅट स्वतः कातून आणली होती, जेमतेम हातभर. पोस्टमन आला नव्हता, बाकीचेही नाहीत. वानखेडे साहेब मार्टिनला घेऊन तिकिटाच्या मशीनकडे गेले, बहुधा मुद्दाम.

मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं. रागात बोललो असंही म्हणत नाही. मला माहीत होतं काय करतोय ते."

त्या फलाटाच्या कडेकडे पाहत होत्या. "सामना हारलो त्याचं मले काही नाही," त्या म्हणाल्या. "मैदान गेलं, ते लागलं. पण तेबी सोड. पंधरा वर्षांत या देशात मी एकच गोष्ट कोणाच्या तरी हातात ठेवली होती, निखिल."

"मला माफ करा."

"करीन म्हणू काय? खोटं बोलू काय आता, गाडी यायच्या टायमाले?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "राग हाये मले. भल्ला राग हाये. तो गेला की मी फोन करीन. तू नको करू."

गाडी आली. आम्ही बॅगा चढवल्या. दार बंद होण्याआधी त्यांनी मार्टिनच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि आत जाऊन बसल्या. खिडकीत त्या दिसल्या नाहीत. पलीकडच्या बाजूला बसल्या असणार.

हिवाळा संपत आला तेव्हा योर्गचा मला फोन आला. ओटर्सकडे माणसं कमी होती. मार्टिन, नर्स आणि मी, तिघं नदी ओलांडून त्यांच्याकडे खेळू लागलो. पहिल्या दिवशी ओटर्सच्या कपड्यांत मला आरशात बघवेना. मार्टिन म्हणाला, "तिनं त्यांच्यासाठी सामना थांबवला नसता तर आज कुठल्या तोंडानं इथं आलो असतो?" साहेबांचे अधूनमधून मेसेज येत; ओटर्सकडे खेळतोय हे मी त्यांना कळवलं होतं. कुंदा पुण्यात मुलींच्या एका शाळेत सॉफ्टबॉल शिकवते. तन्वी सुट्टीत येऊन गेली. ताईंचा स्वतःचा एक शब्द नाही. मीही फोन केला नाही, कारण नको म्हणाल्या होत्या.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी भाजी चिरत होतो. फोन वाजला आणि पडद्यावर त्यांचं नाव आलं. हात ओले होते, ते पुसण्यात दोन रिंगा गेल्या.

"निखिल? कामात हायेस काय?"

"नाही. नाही, ताई. बोला." मग मला राहवेना. "गेला का राग?"

"नाही रे," त्या म्हणाल्या. मागे कुठंतरी मुलींचा गलका चालला होता. "जातच नाही तो. सहा महिने वाट पाह्यली. मंग म्हटलं, त्याले राहायचं तर राहू दे, आपण फोन लावू."

मी खुर्चीत बसलो. त्यांना घाई दिसली नाही.

"काल सामना होता ना तुमचा?" त्यांनी विचारलं.

"होता. हरलो."

"मंग सांग नं," कुंदाताई म्हणाल्या. "पह्यल्या इनिंगपासून सांग."